काळ्या मातीतलं लायसन

अरे आधी सगळं ऐका, मग हसा.

मल्लिनाथ शेठनी दुसरी लॉरी घेतली, तुमाला ठाव हायच. शेठ मला म्हणले, गोरोबा, चार म्हैन्यांत लायसन काढलंस तर ही गाडी तुझ्या हातात देतो, न्हाय काढलंस तर दुसरा ड्रायव्हर बगतो आन् तू जल्मभर क्लीनर. आन् मला शिकवणार कोण, तर जुन्या लॉरीवरचा ड्रायव्हर, बलभीम उस्ताद. त्याला त्या गाडीवर त्याचा मेव्हणा बसवायचा होता, म्हणून चार म्हैने मला शिकवलं ते लोखंडी पान्यानं. गिअर कुरकुरला की गुडघ्यावर दणका. हे बगा, वण हाय अजून.

परवा टेस्ट. हस्ताचा पाऊस, तिसरा दिवस, नुस्तं ओतत होतं. आमच्या जुन्या लॉरीचा वायपर मोडलेला. उस्तादनं बिडीतली तंबाखू चुरली, पाणी ठरू नये म्हणून काचेवर घासली, म्हणला, दिसलं तर चालव, न्हाय दिसलं तर तुझं नशीब. नळदुर्गच्या सरकारी बंगल्यावर टेस्ट घ्यायला साहेब आलेला, पुण्याकडचा, नवा. लॉरीत डोकावला, टपातनं गळती बगितली आन् म्हणला, या मोरीत मी बसणार नाही. मी माझ्या मोटारीतनं पुढं जातो, मी हात केला की तू हात कर, मी वळलो की वळ, मी थांबलो की माझ्या मागं थांब. मग इचारलं, ह्याला शिकवलं कुणी? उस्ताद म्हणला, म्या. तर साहेब म्हणतो, "मोगलाईतले ड्रायव्हर. बैल हाकायच्या लायकीचे, आणि स्टिअरिंग धरतात."

निजामाचा मुलूख म्हणून आमाला मोगलाईतले म्हणत्यात. आन् उस्ताद, पंधरा वर्सं गाडी चालवतो तो मानूस. लायसन मेणकापडात गुंडाळून टोपीच्या घडीत ठिवतो, अंघोळीला बी टोपी नजरेआड करत न्हाय.

निघालो. साहेब पुढं, आमी मागं. हात बाहीर काढून काढून माझी बाही कोपरापतूर भिजली, काच धुरकट, उस्ताद शेजारी दगडावानी. पर एक चूक न्हाय रे, आईशपथ. आन् जळकोटच्या अलीकडं साहेबानं थांबायचा हात केला आन् मोटार डांबरावरनं खाली घेतली. थेट काळ्या रानात.

आता तुमीच सांगा. तीन दिवस पाणी पिलेली काळी माती, आपला बैल बी तितं पाय टाकायच्या आधी इचार करतो. म्या हात केला आन् लॉरी डांबराच्या कडंला उभी केली. खाली न्हाय घेतली. साहेब छत्री घिऊन चिखल तुडवत आला. म्या मातीचं सांगाय गेलो, त्यानं ऐकलंच न्हाय. हुकूम मोडलास म्हणला, रस्ता अडवलास म्हणला, आन् माझ्या डोळ्यांदेखत कागदावर लिवलं, नापास. लिवताना हसला बी.

उस्तादनं नुस्ती बिडी पेटवली. म्या मनात म्हणलं, झालं ह्याच्या मनासारखं, बसला मेव्हणा गाडीवर.

साहेब मोटारीत बसला. चाक फिरलं, आन् फिरतच ऱ्हायलं. मोटार पोटापतूर खाली. रस्त्याला चिटपाखरू न्हाय. घटकाभरानं परत आला, गुडघ्यापतूर काळा. म्हणला, दोर लाव आन् ओढ.

म्या म्हणलं, "साहेब, म्या नापास हाय. बिगर लायसनचा गाडी कसा चालवू?"

साहेब उस्तादकडं वळला, म्हणला, तू ओढ, तुझ्याकडं तरी आहे ना. मला वाटलं, आता हा सलाम ठोकणार, मोटार काढून देणार, आन् साहेब पुढल्या म्हैन्यात मेव्हण्याला पास करणार.

उस्तादनं झुरका घेतला. डोक्यावरची टोपी नीट केली.

"माझं लायसन घरी ऱ्हायलं, साहेब. मोगलाईतले ड्रायव्हर आमी. इसरतो."

साहेब छत्रीखाली, आमी गळतीखाली. तो आमच्याकडं असा बगत होता, हातात काठी असती तर फोडलंच असतं. शेवटाला कागद काढला, नापास खोडलं. उस्ताद म्हणला, खोडून भागत न्हाय, पास लिवा. लिवलं. सही बी केली. मग उस्तादनं काय केलं, त्याच्याच म्होरं टोपी काढली, मेणकापड उलगडलं, आन् स्वतःच्या लायसनशेजारी माझा कागद घडी करून ठिवला. सावकास. साहेबाला नीट दिसंल असा.

तवा कुठं म्या दोर लावला. पहिला गिअर, एका दमात मोटार डांबरावर. साहेब मागं न बगता गेला, जाताना सगळा चिखल आमच्या काचेवर.

म्या पाया पडाय वाकलो, तर गुडघ्यावर पान्याचा दणका.

"क्लच उशिरा सोडलास," उस्ताद म्हणला. "म्या साहेब असतो तर नापासच ठिवला असता."