पडद्यामागची खुर्ची

बिझनेस क्लासचं तिकीट परवडतं का, असं कुणी विचारायचीच खोटी, माझे बाबा खुर्ची पुढे ओढून बसतात. दुबईच्या त्या एका प्रवासावर त्यांनी अख्खं सुकापूर गाव पकवलंय. खुर्चीचा पलंग होतो, पाणी काचेच्या पेल्यातून येतं, बाई नाव घेऊन वाकून विचारते! "तिकिटाचा चौपट भारा दिला, पन पैसा वसूल," हा शेवट ठरलेला.

मागे इकॉनॉमीत आई आणि मी अंग चोरून बसलो होतो, हे मात्र ते सांगत नाहीत. नव्या विमानतळात गेली ती जमीन आईच्या माहेरची. तिच्या मोबदल्याच्या पैशावर आम्ही दुबईला निघालेलो. गुडघे सुजतात तेही आईचेच. आणि पाय पसरायला जागा कुणाला? बाबांना, म्हणजे कमळाकरशेठना! "घरान मोटा मी हाय," म्हणाले आणि पडद्यापलीकडे गेले. आई सगळा वेळ गुडघे चोळत त्या पडद्याकडे बघत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बरं, माझी आई तरी कोण? आमची हौसा धवलारीण! आमच्यात भटजी उशिरा आला तरी चालतो, पण तिनं धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही.

पुढच्याच महिन्यात चुलतबहीण कोमलची हळद होती. बाबा मांडवात पहिल्या सोफ्यावर बसून पाहुण्यांना विमान सांगत होते. नवरी पाटावर बसली, हळद कालवून झाली, आणि आईचा पत्ता नाही. शोधाशोध झाली. ती मांडवाच्या टोकाला, केटररच्या पडद्यामागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती.

बाबा धावत आले. "आगो हौसा, चल ना! लोका बघतान."

"बघू दे. इमानान पन लोका व्हती."

बाहेर बायका हाका मारत होत्या. शेवटी बाबा हळूच म्हणाले, "मंग मी काय करू?"

"तुमी बसा हितं."

ते बसले. आई लंगडत सोफ्यापर्यंत गेली, दोन्ही सुजलेले पाय वर घेतले आणि तिनं खणखणीत आवाजात धवला धरला.

पडद्यामागे गाणं ऐकू येत होतं, पण पुतणीची हळद काही दिसत नव्हती. भांडी न्यायला आलेल्या केटररच्या बाळूनं विचारलं, "शेठ, तुमी हितं कसं?"

बाबांनी खुर्ची आणखी मागे ओढली. मला त्यांची जराही दया आली नाही.