ताईच्या घरचा कॉम्प्युटर

रविवारी कुणी नातेवाइकाने फारच आपुलकीने जेवायला बोलावलं, की मिस्त्री खिशात पेनड्राइव्ह टाकूनच घरातून निघायचा. ताटावरून उठून हात पुसतो न पुसतो तोच काकू म्हणायची, "आलाच आहेस तर जरा बघ ना, प्रिंटर रुसून बसलाय." मिस्त्री हे घरच्यांनी पाडलेलं नाव. पोटापाण्यासाठी तो रंगाच्या कारखान्यात छटा जुळवायचा. कॉम्प्युटरचं जे काही येत होतं ते स्वतःचं जुनं मशीन चार वेळा मोडून पाच वेळा जोडून आलेलं. पण एकदा हाताला गुण आहे असं झालं, की माणसाला सुटका नसते. मावसभावाच्या साखरपुड्यात हा जिन्याखाली बसून कुणाच्या तरी सासऱ्याचा पासवर्ड शोधत होता.

त्यातल्या त्यात भाऊजींकडे जायला त्याला आवडायचं. थोरल्या बहिणीचा नवरा, विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करणारा, आवाज कधी चढायचा नाही. काम झालं की बाकीचे त्याला विसरायचे. भाऊजी मात्र फाटकापर्यंत सोडायला यायचे.

भाची चौदा वर्षांची झाली तेव्हा भाऊजींनी त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पोरगी इंटरनेटवर काय बघते, काय लिहिते, हे मला कळेल असं काही असतं का रे?"

"असतं की."

त्याने तासाभरात ते बसवून दिलं. कॉम्प्युटरवर दाबलेलं प्रत्येक अक्षर साठायचं, पडद्याचे फोटो भाऊजींच्या मोबाइलवर जायचे. ठरावीक शब्द आधी भरून ठेवले, की त्यातला एखादा कुणी टाइप करताच मोबाइल वाजायचा. कुणी ते काढायला गेलं तरी वाजायचा.

"कुणाला न सांगता हे करणं बरं दिसतं ना?" भाऊजींनी विचारलं.

"घर तुमचं, मशीन तुमचं. विचारायचं कुणाला?" मिस्त्री हसत म्हणाला, आणि पुढे ते विसरूनही गेला.

दोन वर्षांनी ताईचा फोन आला. "कॉम्प्युटर फार दमतो रे. एक अक्षर दाबलं की विचार करत बसतो."

शनिवारी दुपारी तो गेला. भाची शिकवणीला गेली होती, भाऊजी कामावर. ताईने चहा टाकला. पूर्वी ती एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करायची. आता विचारलं तेवढंच बोलत होती. ग्रंथालयात काम करणारी तिची जिवाभावाची मैत्रीण दर शनिवारी यायची, तीही दिसली नाही.

"पोरगी अजून यावरच बसते का?" पडद्याकडे बघत त्याने विचारलं.

"छे, तिला मोबाइल घेतल्यापासून ती इकडे फिरकतही नाही. आता हा माझाच."

मशीन कशाने दमलंय हे त्याला लगेच दिसलं. त्याचंच काम होतं ते. दोन वर्षांचे पडद्याचे फोटो साठून डिस्क भरली होती. पासवर्ड त्याने ठेवला होता तोच चालला. त्याने शब्दांची खिडकी उघडली. भाचीसाठी भरलेले शब्द पुसलेले होते. त्यांच्या जागी होतं: नोकरी. भाड्याने खोली. वकील. मैत्रिणीचं नाव. आणि सगळ्यात खाली, मिस्त्री.

त्याने पडदा बंद केला आणि ताईला मागच्या गॅलरीत नेलं. वाळत घातलेल्या चादरींच्या आड उभं राहून त्याने तिला सगळं सांगितलं.

तिच्या मनात एकेक गोष्ट जुळायला लागली. नोकरीच्या मुलाखतीला निघायच्या दिवशी सकाळी नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं होतं. खोली बघून ठेवली होती, तिच्या मालकिणीने अचानक नाही म्हटलं होतं.

"मला वाटलं माझी मैत्रीणच सांगते त्याला," ताई म्हणाली. "दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं. भर जिन्यात मी तिला चुगलखोर म्हणाले. शेजारीपाजारी दार उघडून बघत होते. ती एक शब्द बोलली नाही रे. बदली मागून गाव सोडून गेली."

मिस्त्रीला वर बघवेना.

"तू बसवलंस?"

"पोरीसाठी म्हणून."

"पण मीही त्या घरात राहते. मला विचारावंसं नाही वाटलं तुला?"

खरं सांगायचं तर तेव्हा ते मनातही आलं नव्हतं.

"आत्ता काढून टाकतो," तो म्हणाला.

"काढलंस तर त्याला कळेल ना?"

"हो."

"मग राहू दे. आणि इतका वेळ तू काय उघडून बसला होतास, ते गेलं असेल त्याच्याकडे?"

हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. तो तोंड उघडणार तोच पुढच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

भाऊजी शांतपणे आत आले, चपला जागेवर ठेवल्या. "काय मिस्त्री, काय म्हणतं मशीन?"

"जुनं झालंय," मिस्त्री म्हणाला.

"माणसंही होतात." त्यांनी खुर्ची ओढली. ताईने त्यांच्यासाठी चहा ओतला. कपबशी जराही वाजली नाही. तिघांनी कारखान्याच्या गप्पा मारत चहा संपवला.

नेहमीप्रमाणे भाऊजी त्याला फाटकापर्यंत सोडायला आले.

"पोरगी ते मशीन वापरत नाही, भाऊजी," मिस्त्री कसाबसा म्हणाला.

"माहीत आहे मला." भाऊजींनी कडी काढली. "घर माझं, मशीन माझं. हे तूच शिकवलंस मला. जप स्वतःला, आणि बोलावल्याशिवाय दगदग करून येऊ नकोस."

मिस्त्रीने हात उगारावा असं काहीच त्या आवाजात नव्हतं. तो चालायला लागला.

त्याने मैत्रिणीचा नंबर मिळवून तिला खरं काय ते सांगितलं. "हे तिने मला विचारलं असतं तर बरं झालं असतं," एवढं बोलून तिने फोन ठेवला. ताईला तो फोन करायचा तेव्हा ती हवापाण्याचं बोलायची. तिचा मोबाइलही कुणी ऐकत असेल, हे आता दोघांना कळत होतं.

थंडी सरता सरता ताई घरातून गेली. दूध आणायला म्हणून अंगावरच्या कपड्यांनिशी गेली, मोबाइल ओट्यावर ठेवून. कॉम्प्युटरवर तिने कित्येक दिवसांत एक अक्षर टाइप केलं नव्हतं. भावालाही काही सांगितलं नाही, आणि का नाही सांगितलं हे भावाला पक्कं ठाऊक होतं.

भाऊजींचा फोन आला. "तिचा ईमेल कुठून उघडला जातो, ते तुला शोधता येईल. घरातलाच माणूस आहेस."

"मला नाही येत."

"येतं तुला."

"येत नाही, भाऊजी."

मग त्याची आई मागे लागली. जगाची मशीनं दुरुस्त करत हिंडतोस आणि सख्ख्या बहिणीचा पत्ता लागत नाही म्हणतोस, असं म्हणून ती रडायची. मिस्त्री मान खाली घालून ऐकायचा. प्रयत्न केला असता तर कदाचित पत्ता लागलाही असता. ती जिवंत आहे का, कुठे निजते, काय खाते, या विचाराने त्याचं मन रोज कॉम्प्युटरच्या पडद्यापाशी जाऊन परत यायचं.

शेवटी भाची आली, एकटीच, कारखान्याच्या दारावर. शिकवणीची पिशवी खांद्याला होती.

"मामा, बाबांना नाही सांगणार. फक्त मला सांग, आई कुठे आहे."

"मला माहीत नाही, बाळा."

"मग शोधून दे. तू काहीही शोधू शकतोस, आईच म्हणायची."

त्याच्या नखांत त्या दिवशीचा रंग होता. तिच्या हातातल्या मोबाइलकडे त्याचं लक्ष गेलं. भाऊजींनीच घेऊन दिलेला.

"नाही शोधणार," तो म्हणाला.

ती पिशवी सावरून, रस्ता ओलांडून, बस थांब्यावर जाऊन पाठमोरी उभी राहिली. बस येईपर्यंत मिस्त्री दारातच थांबला. तिने मागे वळून बघितलं नाही.