एशियाड कोळथऱ्याला जाते

आप्पा गेले तेव्हा घरात तीन जीव उरले: आई, मी आणि एशियाड. मी नाशिकला ग्रंथपाल आहे, माझी रजा रविवारी संपणार होती. आईचे गुडघे कधीच गेलेले. प्रश्न घोडीचा होता.

नाव आप्पांनीच ठेवलेलं. ते एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर मुरुडच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या मुलांना फिरवायला त्यांनी ही तांबडी घोडी घेतली, आणि बाकीच्या घोड्यांपेक्षा दिसायला बरी म्हणून तिला एसटीच्या निमआराम गाडीसारखं एशियाड म्हणू लागले. मला हे सगळं फोनवर कळलं. आठ वर्षांत मी तिच्याजवळ चार-पाच वेळा उभी राहिले असेन.

घोडी न्यायला दोघे तयार होते. एक पनवेलचा, वरातीसाठी. वरात म्हणजे बँजो, डीजे, फटाके. आणि आप्पा गेल्यापासून ही दाराची कडी वाजली तरी अंग चोरायची. दुसरा हर्णैचा जिब्रान. तो हौशी लोकांना घोड्यावरून मुरुडहून कोळथऱ्यापर्यंत नेतो, सकाळी निघून संध्याकाळी पोचायचं. त्याने स्पष्टच सांगितलं होतं की शनिवारी ती रांगेत नीट चालली तर ठेवतो, नाहीतर नाही. राजारामकाकांबद्दल, म्हणजे आप्पांबद्दल, आदर आहे, पण एक घाबरट घोडा सहा घोड्यांना बिथरवतो.

आप्पांना जाऊन महिना होत आला होता, त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन नऊ दिवस झाले होते. त्या नऊ दिवसांत मी घोड्यांवरची तीन पुस्तकं वाचून काढली, आणि जिब्रानला म्हणाले, मीही येते.

सात घोडे निघाले. पुढे जिब्रान, त्यामागे पुण्याचे चार जण, मग एशियाडवर जिब्रानकडे काम करणारी रसिका, आणि शेवटी मी. मला दिलेला घोडा इतका म्हातारा होता की त्याला लगामाची गरज नव्हती.

कर्द्यापर्यंत वाळू होती, तिथे एशियाड बरी चालली. कर्दे सोडून चढ लागला आणि वर सडा आला. नुसता काळा कातळ, वाळलेलं गवत, वारा. नालांचा आवाज बदलला तशी तिने मान ताठ केली. रसिकाने तिच्या मानेवर थोपटलं. तिन्ही पुस्तकांत तेच लिहिलं होतं. घोडी झटक्यात पुढे गेली आणि एकदम उभी राहिली. रसिकाने पुन्हा थोपटलं, आणखी मायेने. ती पुन्हा सुटली, पुन्हा थांबली, आणि तिसऱ्या वेळी पुढच्या घोड्यावर जाऊन आदळली. त्यावर बसलेल्या डॉक्टरबाई खाली घसरल्या. गुडघा सोलवटला, एवढ्यावर निभावलं.

जिब्रान मागे आला. आवाज न चढवता म्हणाला, लाडघरला टेम्पो बोलावतो, हिला घरी घेऊन जा. पनवेलवाल्याचा नंबर आहे ना तुमच्याकडे?

नंबर आईच्या वहीत होता. मी फोन लावला. काय झालं ते सांगावं लागलंच.

"थोपटलं?" आई म्हणाली. "अगं, थोपटायचं नाही तिला. मानेवर एक थाप दिली की थांबते, दोन दिल्या की चालते. कंडक्टरची घंटी ना ती. ह्यांनी तसंच शिकवलंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल." मग, "पण तू कधी बघितलंस म्हणा."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर काहीतरी उत्तर देता आलं असतं.

मी फोन ठेवून घोडीकडे वळले. महिनाभर सांत्वनाला येणारा प्रत्येक माणूस जाता जाता गोठ्यात डोकावून घोडीला थोपटून जात होता. मीही थोपटत होते, रोज सकाळी, बराच वेळ. दाव्याला बांधलेल्या त्या जनावराला आम्ही सगळे मिळून महिनाभर चल, थांब, चल, थांब सांगत होतो.

रसिकाचा हात बाजूला करून मी दोन थापा दिल्या. एशियाड चालू लागली. एक दिली, थांबली. कान सैल पडले. कंडक्टरच्या घंटीचं सांगून मी परत करून दाखवलं. डॉक्टरबाईंनी गुडघा चोळत विचारलं की तिकीट कोणाकडे काढायचं, आणि सगळे हसले. जिब्रान हसला नाही, पण टेम्पोचं पुन्हा बोलला नाही.

त्यानंतर ती शेवटपर्यंत रांगेत चालली. लाडघरच्या वाळूत, बुरोंडीच्या वळणांवर, मागून येणाऱ्या मोटारींच्या हॉर्नमध्येही. रसिका अधूनमधून मागे वळून माझ्याकडे बघायची, मी मान हलवायची.

कोळथऱ्याला खोगीर उतरवताना जिब्रान माझ्याजवळ आला.

"ठेवतो. चांगली आहे घोडी. पण ही सवय मोडावी लागेल, ताई."

मी का ते विचारलं.

"माझ्याकडे रोज नवा माणूस बसतो. घोड्यावर बसला की माणूस थोपटतोच. उतारावर कोणी एक थाप दिली आणि ही मधेच उभी राहिली, तर मागचा अंगावर येणार."

मोडणार कशी, तेही विचारलं. तो म्हणाला, सोपं आहे. खायला घालायचं आणि थोपटत राहायचं. थापांना काही अर्थ नाही हे कळलं की सोडून देते. पंधरा-वीस दिवस.

बरोबर होतं त्याचं. आप्पांनी आठ वर्षं रोज वाळूत चालून तिला एवढं एकच शिकवलं होतं, आणि ते मला कळून अजून पुरता दिवसही झाला नव्हता.

"मोडा," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि रसिकाला हाक मारली. तिने भिजवलेल्या चण्यांची बादली एशियाडसमोर ठेवली आणि मानेवर थोपटायला सुरुवात केली. घोडीने तोंड वर काढलं, पाऊल टाकलं, थांबली. पुन्हा पाऊल टाकलं. दावं ताणलं गेलं. रसिका थोपटत राहिली. आम्हाला परत मुरुडला नेणारा टेम्पो यायला वेळ होता, म्हणून मी तिथेच दगडावर बसले. घोडी तोंड काढायची, चालायची, थांबायची, परत बादलीकडे वळायची. किती वेळा ते मी मोजलं नाही. मग एकदा रसिकाची थाप पडली आणि घोडीने तोंड वर काढलं नाही.