चिमाचे चार तास जास्त

सत्त्याऐंशी साली राजापूरजवळच्या एका वाडीत रामजी गुरुजींनी योजना काढली. तरणे सगळे मुंबईला, तेव्हा म्हाताऱ्यांनीच एकमेकांचं करायचं. आज तू माझ्याकडे तासभर राबलीस, की पुढे मी तुझ्याकडे तासभर राबणार.

सखू आजारी चिमाकडे वीस तास राबली आणि चिमा फेड न करताच शिमग्यात वारली. त्यात सखूचे गुडघे धरले.

"माझे तास बुडाले की हो, गुरुजी!"

"बुडतील कसे? नियमात मेलेल्यांना सूट नाय," गुरुजी ठासून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अंगणात केरसुणी वाजली. चिमा झाडत होती. धुळीत केरसुणीचे फराटे उठत होते, पाऊल मात्र एकही उमटत नव्हतं.

पहिल्या दिवशी सखू दार लावून आत बसली. पण चिमा रोज येऊन पाणी भरायची, गारढोण हातांनी तिचे गुडघे चोळायची. आठवड्यात सखू सोकावली.

"जिवंतपणी एवढी कधी राबली नाहीस गो! आता तेवढी भांडी घास."

चिमाने भांडी घासली, उपडी घातली आणि पदराला हात पुसले.

"वीस तास कधीच संपले, सखू. वर चार जास्त झाले. ते फेडायला माझ्याकडे कधी येतेस?"

"मी? मला चढाव चढवत नाय गो!"

"चढाव कसला? सगळी उतरणच आहे."

सखूने पडवीचा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला. पण तिचे पाय केव्हाच पायरी उतरायला लागले होते.