बंद होतानाची पाच मिनिटं

मित्रांनो, शाहूपुरीतल्या एका लहान छापखान्यात खिडकीजवळच्या टेबलावर असलेला मी एक जुना कॉम्प्युटर आहे. माझी पेटी पूर्वी पांढरी होती, आता पिवळट झाली आहे. कीबोर्डवरची बरीच अक्षरं पुसली आहेत. ती ज्यांच्या बोटांनी पुसली, त्यांच्याबद्दल मला सांगायचं आहे.

माझे भाग कुठल्या कारखान्यांत बनले, ते मला ठाऊक नाही. पंधरा वर्षांपूर्वी ते जोडून मला इथे आणलं. छापखाना सयाजीरावांचा. छपाईचं मशीन ते चालवायचे आणि माझ्यासमोर त्यांच्या पत्नी पूर्णिमाबाई बसायच्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. पहिल्या दिवशी अक्कांनी मला हळदकुंकू लावलं, खुर्चीवर घरची एक उशी ठेवली आणि कामाला लागल्या.

आमचं मुख्य काम लग्नपत्रिकांचं. आमच्याकडे पत्रिकेत भावकीतलं एकही नाव सुटून चालत नाही. एखादा चुलता राहिला, तर मांडवात रुसवा ठरलेला. नावं वीस-बावीसच्या पुढे गेली की माझ्यातला अक्षरजुळणीचा प्रोग्राम मान टाकायचा. अक्का चिडायच्या नाहीत. "तुलाबी पावणं जास्त झालं व्हय रं?" असं मला म्हणायच्या आणि पुन्हा पहिल्या चुलत्यापासून सुरू करायच्या.

प्रोग्राम कुठे आणि कसा बंद पडला, याची मी नोंद ठेवायचो. ती नोंद प्रोग्राम बनवणाऱ्यांना पाठवायची असते, म्हणजे त्यांना दोष कळतो. दिवसा मला सवड नसे. संध्याकाळी मला बंद करू लागले की मी ती पाठवायला घ्यायचो. 'अहवाल पाठवत आहे, थोडं थांबा' असं पडद्यावर यायचं. इंटरनेट संथ होतं. चार-पाच मिनिटं जायची.

सयाजीरावांना त्या मिनिटांचा राग यायचा. शटर अर्धं ओढून, किल्ली हातात घेऊन ते दारात उभे राहायचे. पण मध्येच वीज तोडली तर फाईल बिघडायची, म्हणून थांबावंच लागे. आणि त्याच वेळात अक्का बोलायच्या. दिवसभर मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नसे. घरी गेल्यावर स्वयंपाक, पाणी, पाहुणे. त्यामुळे कबनूरच्या बहिणीचा फोन, गिऱ्हाइकाने प्रूफात घातलेला घोळ, पाठीतली कळ, हे सगळं त्या पाच मिनिटांत निघायचं. सयाजीराव "हं, हं" म्हणत किल्ली वाजवायचे. पण ऐकायचे.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी उजैरभाईंना बोलावलं. शेजारच्या गल्लीत त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हा रोजचा वेळ वाचव, असं सयाजीरावांनी त्यांना सांगितलं. उजैरभाईंनी माझं अहवाल पाठवणंच बंद करून ठेवलं. त्या संध्याकाळी मी दहा सेकंदांत बंद झालो. सयाजीरावांनी माझ्या पेटीवर थाप मारली. एवढी शाबासकी मला त्याआधी कधीच मिळाली नव्हती.

पुढे एके संध्याकाळी माझा पडदा काळा होत होता. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "अवो, जिना चढताना दम लागाय लागलाय मला."

"चल, बंद झालंय ते. उद्या सांग की," सयाजीराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही मी दहा सेकंदांतच बंद झालो. तिसऱ्या दिवशीही.

मग एक दिवस अक्का आल्या नाहीत. आठवडाभर छापखाना उघडलाच नाही. उघडला, तेव्हा सयाजीराव एकटे होते. त्यांनी खुर्चीवरची उशी उचलली, झटकली आणि परत तिथेच ठेवली.

महिन्याभराने त्यांनी उजैरभाईंना पुन्हा बोलावलं आणि ते थांबणं परत चालू करायला सांगितलं.

"काका, लोक ते काढायला मला बोलावत्यात," उजैरभाई म्हणाले.

सयाजीरावांनी खुर्चीवरची उशी सारखी केली. मग म्हणाले, "दवाखान्यात डॉक्टरनं तिला इचारलं, कधीपास्नं तरास हाय. आठ म्हैने झालं, म्हणाली. सांगायचं ऱ्हाऊन जायाचं, म्हणाली."

उजैरभाईंनी स्टूल ओढलं. मान खाली घालून त्यांनी काम केलं.

पण मित्रांनो, प्रोग्राम बंद पडला तरच मला पाठवायला काही असतं. आता अक्षरजुळणी बाहेरून होऊन येते. माझ्यावर कोणी काम करत नाही. म्हणून रोज संध्याकाळी सयाजीराव अक्कांची शेवटची अर्धवट पत्रिका उघडतात. गगनबावड्याचं घर, भावकी मोठी. ते लग्न कधीच होऊन गेलं, पत्रिकाही दुसरीकडे छापली गेली. सयाजीराव एका बोटाने शोधत शोधत आणखी एका चुलत्याचं नाव घालतात. प्रोग्राम मान टाकतो. मग ते मला बंद करायला घेतात, किल्ली खिशात ठेवतात आणि अक्कांच्या खुर्चीसमोर स्टुलावर बसतात. पडद्यावर 'थोडं थांबा' असं येतं. ते थांबतात.

हल्ली इंटरनेट वेगवान आहे. अहवाल मिनिटभरात जाऊ शकतो. तरी मी जमेल तितका सावकाश पाठवतो.

मित्रांनो, मी जुना झालो आहे. एक दिवस मला भंगारात टाकतील, त्याचं मला वाईट वाटणार नाही. पण तुमच्या घरातलं यंत्र बंद व्हायला वेळ लावत असेल, तर त्याच्यावर रागावू नका. त्या वेळात तुमच्याशेजारी कोणी काही सांगत असेल, तर ते उद्यावर टाकू नका. किल्ली खिशात ठेवा आणि ऐकून घ्या.