लाकूड बुडालं

रविवारी सकाळी इमारतीच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. माणसं जिन्याच्या कठड्यावर आणि पंपाच्या झाकणावर चढून बसली होती. मधोमध टेबलावर मासे पाळतात तसली काचेची मोठी पेटी, पाण्याने भरलेली. तिच्यामागे काष्ठमहाराज.

गेल्या आठवड्यात इमारतीतली तीन बाळं जुलाबाने आजारी पडली आणि पहिल्या मजल्यावरचं एक गेलं. डॉक्टर म्हणाले, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तपासा. घरमालक म्हणाले, आधी माणसं तपासू. माणसं तपासायला गच्चीवर चढावं लागत नाही, म्हणून मालकांचं सगळ्यांना पटलं.

"लाकडाचा धर्म काय?" महाराजांनी विचारलं.

"तरंगणं!" गर्दी ओरडली.

"आणि हातातलं लाकूड बुडालं तर?"

"पाप!"

शाळेत एवढं पाठांतर केलं असतं, तर ह्यातली निम्मी माणसं आज कुठल्या कुठे गेली असती.

सगळ्यात पुढे, खुर्चीवर, मिस्त्री बसले होते. गोदीत तीस वर्षं जहाजांची दुरुस्ती केलेला माणूस, इमारतीतला सर्वांत वडीलधारा. लाकूड खोटं बोलत नाही, असं ते गेली आठ वर्षं येईल त्याला सांगत. त्यांना तसं सांगणं भागच होतं. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एक लेकीच्या सासरी ह्याच महाराजांनी अशीच पेटी मांडली होती. जावेचं मूल पोटातच दगावलं होतं आणि लाकूड बुडालं ते लेकीच्या हातचं. व्याह्यांनी फोनवर तेवढं एकच वाक्य सांगितलं. शरमेने मान खाली गेलेल्या मिस्त्रींनी पुढे एक शब्द विचारला नाही. दोन दिवसांनी लेक माहेरी आली, तर त्यांनी दाराची कडीही काढली नाही. ते लाकूड त्यांनी स्वतः मात्र आजवर पाहिलं नव्हतं.

इमारतीतल्या बायका एकेक करून पुढे येत होत्या. महाराज झोळीत हात घालत, साबणाच्या वडीएवढा काळा कुळकुळीत तुकडा काढून बाईच्या तळहातावर ठेवत आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटत. तुकडा पाण्यात पडे, तरंगे, बाई सुटकेचा निःश्वास टाके. तेरा जणींचे तुकडे तरंगले.

चौदावी तळमजल्यावरची शिवणवाली. नवरा नाही, माहेर नाही, एक शिलाई मशीन आणि दहा बाय दहाची खोली. गेलेल्या बाळाचं झबलं तिनेच शिवलेलं, एवढा पुरावा लोकांना पुरला होता. शिवाय वरच्या टाकीतून कुजका वास येतो म्हणून तिने मालकांच्या दारात दोनदा भांडण केलं होतं, हे मालक विसरले नव्हते.

तिचा तुकडा पेटीत पडला आणि सरळ तळाशी गेला.

अंगणातून एकच आरोळी उठली. कुणी थुंकलं. मालकीणबाई तर तिच्याच मशीनवरची कात्री घेऊन तयार होत्या. आधी केस, मग सामान रस्त्यावर, असा बेत सकाळीच ठरला होता. ज्या बायकांचे ब्लाउज तिने रात्र रात्र जागून वेळेवर दिले होते, त्यांनीच तिचे हात धरले. बाळाची आई तेवढी भिंतीला टेकून बसली होती. तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

"तो तुकडा जड होता हो!" शिवणवाली ओरडत होती. "मिस्त्रीकाका, तुम्ही तरी हातात घेऊन बघा!"

"पापाचं ओझं ते!" महाराज गरजले. "हात लावेल त्याचा निर्वंश होईल!"

मिस्त्रींचा वंश आठ वर्षांपूर्वीच संपला होता. ते उठले आणि त्यांनी पेटीत हात घातला.

तुकडा बोटांत आला मात्र, त्यांचा हात थबकला. पाण्यातून काढूनही तेलकट लागत होता. त्यांनी नखाने ओरखडा काढला, तर काळ्या रंगाखाली हिरवट रेघ उमटली. अंगठ्याने घासून नाकाशी नेला. हा वास तीस वर्षं त्यांच्या कपड्यांना येत होता. बायको कुरकुरायची आणि लेकीला मात्र तो आवडायचा.

तुकडा परत पाण्यात सोडून खुर्चीवर बसता आलं असतं. कुणालाही काही कळलं नसतं आणि लाकूड पूर्वीसारखंच खरं बोलत राहिलं असतं. मिस्त्रींना तसं करावंसं वाटलं, मनापासून वाटलं. कात्रीचा आवाज झाला. शिवणवालीची अर्धी वेणी खाली पडली.

"थांबा!" मिस्त्री ओरडले. "महाराज, हा तुकडा आता तुम्ही टाका."

"तो तिच्या हाताने बाटलाय."

"मग बाटला नाही असा आणतो."

ते जिना चढून घरात गेले आणि लाटणं घेऊन आले. रोजच्या वापरातलं, मधोमध जाड. "मालक, घ्या. तुमच्या हाताने सोडा."

"मी कशाला?"

"तुम्हाला कसली भीती?"

एवढ्या लोकांसमोर मालकांना नाही म्हणता येईना. त्यांनी लाटणं पाण्यावर अलगद ठेवलं. ते डुबकन तळाला गेलं.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मालक पांढरे पडले.

मिस्त्रींनी झोळी हिसकावून टेबलावर उपडी केली. दिसायला सगळे तुकडे सारखे. त्यांनी खिशातल्या सुरीने एक खरवडला, काळ्या पॉलिशखाली पांढरं, पिसासारखं हलकं लाकूड निघालं. दुसरा खरवडला, तो हिरवा. त्याच्या एका बाजूला पॉलिशखाली बुजवलेली जुनी खाच निघाली.

"ही खाच मला झोपेतही ओळखू येईल," मिस्त्री म्हणाले. "जहाजाचा पंखा ज्या दांड्यावर फिरतो, तो दांडा ह्या लाकडात बसवत असत. ह्या खाचेतून समुद्राचं पाणी खेळतं. लाकडात स्वतःचं तेल असतं, वरून वंगण लागत नाही, वर्षानुवर्षं झिजत नाही. फार फार सावकाश वाढणाऱ्या झाडाचा गाभा आहे हा, इतका घट्ट की पाण्याहून जड. साधूने सोडा नाहीतर चोराने, तो बुडणारच. गोदीच्या भंगारातून उचललाय ह्या माणसाने. ज्या बाईला बुडवायचं, तिच्या हातावर हा. बाकीच्यांना हलका. दोन्ही तुकडे एकाच माणसाच्या हातात कधी पडू द्यायचे नाहीत, एवढीच काय ती सिद्धी!"

महाराज झोळी तिथेच टाकून फाटकाकडे सटकत होते. आता तीच गर्दी त्यांच्यावर धावली. मघाशी बाईचे हात धरणारे हातच सर्वांत पुढे होते.

"मारू नका! पोलिसांच्या ताब्यात द्या," मिस्त्री म्हणाले. "आणि दोघंजण वर जाऊन टाकीचं झाकण काढा. बाळं कशाने आजारी पडली ते तिथे बघा."

टाकीतून दोन कुजलेली कबुतरं निघाली. मालक तोवर घरात शिरून दार लावून बसले होते.

"मिस्त्री, कमाल केलीत!" कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मिस्त्रींनी तो हात झटकला.

शिवणवाली पायरीवर बसली होती, हातात स्वतःची कापलेली वेणी. "काका, तुमचीही लेक अशीच ना? ती कुठे असते आता?"

मिस्त्रींनी पेटीत हात घालून लाटणं बाहेर काढलं.

"त्या दांड्याच्या बेअरिंगच्या उरलेल्या तुकड्याचं हे लाटणं मीच केलं तिच्यासाठी. लहानपणी बादलीत टाकायची आणि बुडालं की टाळ्या वाजवायची. त्या दिवशी दाराबाहेरून तेच सांगत होती. अप्पा, आपलं लाटणं आठवा, अप्पा, एकदा बादलीत टाकून बघा. मला ऐकू येत होतं. गोदीत आम्ही त्याला लाकूड म्हणतच नसू, बेअरिंग म्हणायचो. ते लाकूड आणि हे लाकूड एक असेल, असं डोक्यातच आलं नाही. खरं सांगू? मी येऊच दिलं नाही."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी सापडली, गोदीतच. पाण्यावर तरंगत होती."

अंगणातल्या बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. मालकीणबाईंनी कात्री हळूच पायरीवर ठेवली.

"रडू नका कुणी," मिस्त्री म्हणाले. "रडून झाल्यावर उद्या दुसऱ्या पेटीपुढे उभे राहाल. त्यापेक्षा एवढं करा. कुणी चमत्कार दाखवला, की ती वस्तू आपल्या हातात मागा. तोलून बघा, खरवडून बघा, दुसऱ्याच्या हातून टाकून बघा. कुठलं लाकूड, एवढं तरी विचारा. ह्याला शिक्षण लागत नाही. माझं तर अख्खं आयुष्य त्याच लाकडात गेलं, आणि मी विचारलं नाही."