यिऊ-चोचा खांदा

मॉन्टेरी पार्कमध्ये आमची बेकरी होती, तेव्हा सकाळी सहाला सगळी गल्ली अंड्याच्या टार्टच्या वासाने जागी व्हायची. भट्टी आईची. तिच्यामागे मी आणि माझा थोरला भाऊ यिऊ-चो ती चालवत होतो. सत्त्याऐंशी साली मालकाने दुकान विकायला काढलं. महिनाअखेर आम्ही घेतलं नाही तर ते दुसऱ्याला जाणार होतं, आणि आमच्याकडे पैसे कमी होते.

उरलेले गार्डेनाच्या पत्त्यांच्या क्लबातून आणायचे, असं यिऊ-चोने ठरवलं. तिथे पाय गाव पोकर चालायचा. सात पत्ते येतात, त्यांचे दोन हात लावायचे: मागे पाचांचा, पुढे दोनांचा. मागचा हात पुढच्यापेक्षा भारी हवा, नाहीतर दोन्ही बाद. बँक आळीपाळीने प्रत्येकाकडे येते, पण सगळ्या टेबलाचे डाव एकट्याने अंगावर घ्यायचे म्हणून लोक ती पुढे ढकलतात. यिऊ-चो कधी ढकलत नसे.

"बरोबरीचे पत्ते आले तर ते बँकेचे, अ-मुई," तो म्हणायचा. धाकटी म्हणून तो मला अ-मुईच म्हणे. "लोक हे फुकट सोडून देतात. आपण उचलायचं."

दुसऱ्याची बँक असली की तो नावापुरतं लावी. तीन आठवडे हे छान चाललं. बँकेतले अर्धे पैसे माझे, म्हणून मी त्याच्या मागे स्टुलावर बसायची.

पण त्याच दिवसांत त्याने एकदा साखर समजून कस्टर्डमध्ये मीठ घातलं. बिलं तो हात लांब करून वाचू लागला होता. मी चष्म्याचा विषय काढला, तर म्हणाला की आधी लग्न होऊ दे, मग म्हातारा कर.

महिना संपायला दोन दिवस होते. एरवी दुपारी टेबलावर तिघे-चौघे असत. त्या गुरुवारी त्याच्याखेरीज सहाही खुर्च्या भरल्या. कोपऱ्यात रोज बसणारी सेतो आजी माझ्या कानाशी पुटपुटली, की हे सगळे आज तुझ्या भावाचंच टेबल शोधत आलेत. बँक त्याच्याकडे येताच सहाही जणांनी जास्तीत जास्त लावलं.

"काय बेकरीवाले," समोरचा खाटीक लुओ म्हणाला, "बँक घेताय की पाव भाजायला जाताय?"

"भाजूनच देतो," यिऊ-चो म्हणाला. त्याने भट्टीचे, दुकानाचे, सगळे पैसे पुढे सरकवले.

आमच्यात खेळणाऱ्याच्या खांद्याला हात लावत नाहीत, नशीब उलटतं म्हणतात. आमच्या घरात तर मागून हाकही मारत नसत. एकदा आईने वडिलांना अशी हाक मारली होती. त्या डावाबद्दल दोघंही पुन्हा कधी बोलले नाहीत.

यिऊ-चोने पत्ते हळूहळू उघडले. मला त्याच्या खांद्यावरून सगळे दिसत होते. नव्व्यांची जोडी होती. एक लाल राणी, एक लाल गुलाम, बाकीचे किरकोळ. नव्व्या त्याने पुढे लावल्या. राणी आणि गुलाम मागे, शेजारीशेजारी, राण्यांची जोडी असल्यासारखे. मागे जोडी नव्हतीच.

माझा हात उठला. खांद्यापासून चार बोटांवर थांबला. बोलायला मनाई नव्हती, अर्धी बँक माझीच होती. पण मला आईचा चेहरा दिसला, आणि हात मी मांडीवर परत आणला.

त्याने पत्ते पालथे टेकवले. वाटणाऱ्या बाईने ते सुलटे केले, मग पुन्हा एकदा पाहिले.

"बँक बाद," ती म्हणाली.

सहा ठिकाणी पैसे गेले. लुओसुद्धा हसला नाही.

यिऊ-चोने गुलाम उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग मागे वळला.

"तुला दिसलं होतं, अ-मुई?"

मी नाही म्हणाले.

त्याने मान हलवली. बाहेर पार्किंगमध्ये भर उन्हात तो गाडीपाशी बराच वेळ उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने किल्ली माझ्या हातात दिली.